पाय पाठ होत नाही म्हणतेस? आधी त्याला उभा कर

ताई,
मी देवगड तालुक्यातली. बारावीनंतर शैक्षणिक कर्ज काढून इंग्लंडला पोडायट्रीच्या, म्हणजे पायांच्या दुखण्यांवरच्या उपचारांच्या, तीन वर्षांच्या पदवीला गेले. पहिल्याच वर्षी पायाच्या अ‍ॅनाटॉमीची प्रॅक्टिकल आणि बायोमेकॅनिक्सचा (शरीराच्या हालचालींमागच्या बळांचा) पेपर, दोन्ही राहिले. फेरपरीक्षा ऑगस्टच्या शेवटी आहे, तोवर घरी आहे. चारशेच्या वर फ्लॅशकार्डं केली. स्नायूचं नाव, कुठून निघतो, कुठे लागतो, कोणती नर्व्ह, सगळं घडाघडा म्हणते आणि आठ दिवसांनी पाटी कोरी. तोंडी परीक्षेत सरांनी एका माणसाच्या चालण्याचा व्हिडिओ दाखवून विचारलं, 'याचा पाय असा का पडतोय?' माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. घरी बाबा म्हणतात, 'लोकांची नखं कापायला एवढे पैसे घातलेस?' आणि वाडीतले लोक रोज एकेक पाय घेऊन ओटीवर येऊन बसतात. आजीच्या टाचेने तर घर डोक्यावर घेतलंय. सोडून देऊ का?
– पायात पाय अडकलेली

पायात पाय अडकलेल्या मुली,

सोडायचं की नाही ते सप्टेंबरात ठरव. नापास झाल्यावर, बाहेर पाऊस लागलेला असताना, ओटीवर बसून घेतलेले निर्णय फार टिकत नाहीत असा माझा अनुभव आहे.

तुझ्या पत्रातला तो व्हिडिओचा प्रसंग मी दोनदा वाचला. अभ्यास तू भरपूर केलास, पण तो सगळा झोपलेल्या पायाचा केलास. पुस्तकातलं चित्र आडवं, लॅबमधलं मॉडेल स्टँडला लटकवलेलं, आणि फ्लॅशकार्डावर तर पायच नाही, नुसती अक्षरं. सरांनी मात्र चालणारा पाय दाखवला. तो तुला अनोळखी वाटला यात नवल काय?

ही चूक मीही केली आहे, आणि माझ्या चुकीत दुसऱ्या बाईच्या पायाची कमान गेली. मी फिजिओथेरपिस्ट. नोकरीचं पहिलं वर्ष, कोकणातलंच एक रुग्णालय. पन्नाशीची एक मासेविक्रेती आली. डोक्यावर पाटी घेऊन बंदरावरून बाजारात आणि बाजारातून दारोदार, अशी तीस वर्षं काढलेली. अंगाने भरलेली, साखरेची गोळी चालू. घोट्याच्या आतल्या बाजूला सूज आणि दुखणं. मी तिला खाटेवर झोपवलं, घोटा वर-खाली, आत-बाहेर फिरवून पाहिला, 'मुरगळलाय' म्हटलं, क्रेप बँडेज गुंडाळलं आणि पाठवून दिलं. तीन महिन्यांनी ती परत आली तेव्हा पायाची कमान जमिनीला टेकली होती. मागून पाहिलं तर टाच बाहेर कललेली, आणि टाचेच्या बाहेरच्या अंगाला करंगळीबरोबर आणखी दोन बोटं डोकावत होती. तिचा कमान तोलून धरणाऱ्या टिबिआलिस पोस्टेरिअर स्नायूचा टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी, झिजत चालला होता, आणि त्याची ताकद मी कधी तपासलीच नव्हती. एका पायावर उभं राहून टाच उचलायला सांगितलं असतं तर दहा सेकंदांत कळलं असतं. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "बाय, तुमी माका खाटीरच निजवलास. उभी केलासच नाय."

टिबिआलिस पोस्टेरिअर पावलातल्या नेव्हिक्युलर हाडाच्या आतल्या उंचवट्याला लागतो हे मला तेव्हाही तोंडपाठ होतं. लागतो म्हणजे तो रोज काय काम करतो, हे माहीत नव्हतं.

तेव्हा पहिले पंधरा दिवस कार्डं कपाटात ठेव. आरशासमोर एका पायावर उभी राहा, भिंतीला दोन बोटं टेकव आणि टाच उचल. आईला मागून मोबाइलवर टिपायला सांग. टाच वर जाताना किंचित आतल्या बाजूला वळताना दिसेल. तो वळवणारा मुख्य हात टिबिआलिस पोस्टेरिअरचा. टाच आत वळली की पायाच्या मधले सांधे घट्ट होतात आणि पाऊल एका कडक फळीसारखं होतं. मग पोटरीने ओढलेलं बळ चवड्यापर्यंत पोचतं. टाच वळलीच नाही, तर पोटरी कितीही दणकट असली तरी मधला पाय पिचकतो. आता या एका हालचालीला हाड, सांधा, स्नायू, नर्व्ह आणि चाचणी सगळं टांगता येतं. असं टांगलेलं सहसा गळून पडत नाही.

नावांचं म्हणशील, तर ती पाठ करायची आहेतच, त्यातून सुटका नाही. पण लॅटिन-ग्रीक नावांना अर्थ असतो, हे कॉलेजात घाईत कोणी सांगत नाही. पायात २६ हाडं: मागची सात टार्सल, मग पाच मेटाटार्सल, आणि बोटांची चौदा. त्यातलं नेव्हिक्युलर म्हणजे छोटी होडी. हाताला लागलं तर उलटं करून बघ, आतला खोलगटपणा होडीसारखाच असतो आणि त्यात घोट्यातल्या टॅलस हाडाचं डोकं बसतं. तीन क्युनिफॉर्म म्हणजे तीन पाचरी. अंगठ्याखालची दोन सेसमॉइड, ते तीळ. नडगीचं हाड टिबिया म्हणजे बासरी, घोट्याचा उंचवटा मॅलिओलस म्हणजे हातोडी. तळव्यातले लंब्रिकल म्हणजे गांडुळं. पोटरीचा वरचा स्नायू गॅस्ट्रोक्निमिअस, शब्दशः 'पायाचं पोट'. आपल्या 'पोटरी'तही पोट बसलेलंच आहे. आणि त्याच्या खालचा चपटा सोलिअस? लॅटिनमध्ये सोलिया म्हणजे चप्पल, आणि चपलेसारखा चपटा तो सोल मासा. म्हणजे आपली लेपी. आजीने लेपी साफ करायला घेतली की एक हातात धर आणि स्वतःच्या पोटरीच्या मागे लावून बघ. सोलिअस जन्मात विसरणार नाहीस.

टॅलसकडे जरा जास्त वेळ दे, परीक्षकांना ते फार आवडतं. सगळ्या अंगाचं ओझं नडगीतून आधी त्याच्यावर येतं, आणि तरी त्याला एकही स्नायू चिकटलेला नाही. वर नडगी, खाली टाच, पुढे होडी, यांच्यात ते नुसतं अडकवून ठेवलेलं. अंगाचा बराचसा भाग कूर्चेने झाकलेला, म्हणून रक्तवाहिन्यांना आत शिरायला जागा थोडी. टॅलसची मान मोडली की हाड मरण्याची भीती का असते, हे वेगळं पाठ करायला नको.

आता पुळणीवर जा. पाऊस थांबलेला असेल आणि ओहोटी असेल तेव्हा. ओहोटीची वेळ घरात कोणालाही विचार. पाण्यात उतरू नकोस, पावसाळी समुद्र आहे. ओल्या घट्ट वाळूवर वीस पावलं नेहमीसारखी चाल, मग मागे वळून वाकून बघ. टाचेचा खड्डा मागच्या बाहेरच्या कडेला जास्त खोल दिसेल. तिथून दाब बाहेरच्या कडेने पुढे सरकतो, चवड्याशी आत वळतो आणि अंगठ्याखालून निघून जातो. अंगठ्याने वाळू मागे ढकललेली असते, त्याचा छोटासा ढीग दिसतो. तुमच्या लॅबमध्ये पावलाचा दाब मोजणाऱ्या प्रेशर प्लेटच्या पडद्यावर जी रंगीत रेघ येते ना, ती हीच.

मग दुसरा प्रयोग. समुद्र डाव्या हाताला ठेवून उतरत्या वाळूवरून शंभर पावलं चाल. उजवा पाय चढावर, डावा उतारावर. चढावरच्या पायाखाली बाहेरची कड उंच येते, म्हणून तो आत कोसळतो, म्हणजे प्रोनेशनकडे जातो. उतारावरच्या पायाची आतली कड उंच, तो बाहेर कलतो, म्हणजे सुपिनेशनकडे. परत येताना समुद्र उजव्या हाताला येतो आणि पाय अदलाबदल करतात. प्रोनेशन-सुपिनेशनच्या व्याख्या सहा वेळा लिहून काढण्यापेक्षा ही दोनशे पावलं स्वस्त. रोज एकाच दिशेने पुळणीवर धावणाऱ्या पोरांचा एकच गुडघा का कुरकुरतो, याचंही एक संभाव्य उत्तर तुला तिथेच मिळेल.

ठशांवरून घाईने निदान मात्र करू नकोस. सपाट ठसा म्हणजे आजार नव्हे. लहान मुलांचे पाय सपाटच असतात, कमान वाढत्या वयात येते. कित्येक मोठी माणसं सपाट पायांनी जन्म काढतात आणि एक दिवस दुखत नाही.

टॅलस आणि टाचेच्या हाडामधल्या सबटेलर सांध्याने तुला छळलं असणार, सगळ्यांनाच छळतो. पुस्तकात त्याचा आस आडव्या पातळीशी सरासरी ४२ अंश आणि पावलाच्या मधल्या रेषेशी १६ अंश असा दिलेला असतो. आकडे लिही, पण ती सरासरी आहे आणि माणसागणिक फरक मोठा असतो, हेही लिही. आस तिरका आहे म्हणून काय होतं ते उभ्याउभ्याच बघ. दोन्ही पावलं जमिनीवर घट्ट ठेव, हलवू नकोस, आणि फक्त गुडघे एकमेकांकडे आत फिरव. कमानी बसल्या. बाहेर फिरव. कमानी उठल्या. पाऊल न हलवता कमान हलली, कारण नडगीचं फिरणं या तिरक्या बिजागरीतून पावलाच्या कलण्यात बदलतं. हे उलटंही चालतं, पाऊल कोसळलं की नडगी आत फिरते आणि गुडघ्याला ते सोसावं लागतं. तुझ्या व्हिडिओतल्या माणसाला कदाचित हेच होत असेल. किंवा त्याचा नितंबाचा ग्लुटिअस मिडिअस कमजोर असेल, कंबर एका बाजूला पडत असेल, आणि पाऊल बिचारं वरचा हिशोब खाली चुकवत असेल. व्हिडिओ बघताना नजर पायावर चिकटवायची नाही. आधी डोकं-खांदे, मग कंबर, मग गुडघे, आणि पाऊल सगळ्यात शेवटी.

आता आजीची टाच. सकाळी उठल्यावर पहिली काही पावलं कळ जाते आणि मग चालून चालून सुटते असं असेल, तर बहुधा प्लांटार फॅशियाचं दुखणं आहे. तुमच्या घराच्या छपराची कैची बघ. दोन तिरके वासे वर जोडलेले, आणि खाली त्यांना फाकू न देणारं आडवं लाकूड. पायाच्या कमानीत ते आडवं लाकूड म्हणजे प्लांटार फॅशिया, टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत ताणलेली जाड पट्टी. पण हे लाकूड लांडं होऊ शकतं, आणि तिथे कैचीची उपमा संपते. मग विहिरीवरचा रहाट आठव. दोर रहाटावर गुंडाळला की कळशी वर येते. चालताना टाच उचलली की बोटं मागे वळतात, फॅशिया मेटाटार्सलच्या डोक्यावर गुंडाळला जातो, टाच आणि चवडा जवळ ओढले जातात आणि कमान उठते. हिक्स नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी १९५४ मध्ये याला विंडलास असं नाव दिलं. विंडलास म्हणजे दोर गुंडाळून ओझं वर ओढायचं यंत्र. म्हणजे आपला रहाटच की.

हे आजीच्याच पायावर बघ. तिला उभी कर, वजन दोन्ही पायांवर सारखं, आणि तिचा अंगठा हळूच वर उचल. कमान वर येताना दिसली तर रहाट चालतोय. हीच ती जॅकची चाचणी. उपायही त्यातच आहे: अंथरुणातून पाय खाली टाकण्याआधी पाय मांडीवर घ्यायचा, अंगठा मागे ओढायचा, दहा मोजायचे, असं दहा वेळा. गार लादीवर अनवाणी फिरू नको म्हण, घरातही मऊ चप्पल. ती ऐकणार नाही, पण म्हण. रात्री पडल्यापडल्या दुखत असेल, सूज किंवा ताप असेल, तर मात्र डॉक्टरांकडे.

आणि एक गंमत. आजी उकिडवी बसून टाचा टेकवते म्हणून तिचा घोटा पूर्ण मोकळा आहे असं समजू नकोस. उकिडवं बसताना गुडघा वाकतो. गॅस्ट्रोक्निमिअस गुडघ्याच्या वरून निघतो, म्हणून गुडघा वाकला की तो सैल पडतो. तो आखडला आहे का हे गुडघा सरळ ठेवून घोटा वर वाकवला तरच कळतं. गुडघा सरळ असताना घोटा अडतो आणि वाकवल्यावर सुटतो, तर दोषी गॅस्ट्रोक्निमिअस. दोन्ही वेळा अडला, तर लेपीलाही, म्हणजे सोलिअसलाही धर. हीच सिल्फव्हरशोल्डची चाचणी. नाव लिहून पाठ कर, उच्चारात परीक्षकही अडखळतात.

बायोमेकॅनिक्सच्या आकड्यांना तू घाबरतेस असं पत्रावरून वाटतं. बारावीला मोमेंट शिकलीस ना? तेवढ्यावर काम भागतं. समज तुझं वजन ६० किलो, आणि तू एका पायाच्या चवड्यावर उभी आहेस. घोट्यापासून चवडा १२ सेंटिमीटर पुढे, टाचेमागचा अकिलिस टेंडन ५ सेंटिमीटर मागे. समतोल राहायचा तर टेंडनला ६० गुणिले १२ भागिले ५, म्हणजे १४४ किलोच्या ओझ्याइतकं ओढावं लागतं. वजन आणि टेंडनची ओढ, दोन्ही घोट्याच्या सांध्यावर दाबतात, म्हणजे २०४. आता माझ्या त्या मासेविक्रेतीच्या डोक्यावर २० किलोची पाटी ठेव आणि तिचं वजन ७० धर. टेंडन २१६, सांधा ३०६. आणि ती दिवसाला किती पावलं टाकत असेल ते तूच मोज. हे गणित मी नोकरीच्या पहिल्या वर्षी एकदा जरी केलं असतं, तरी 'मुरगळलाय' म्हणाले नसते.

चालण्याचं चक्र असंच पायाने मोज. एका पायाचं साधारण ६० टक्के चक्र जमिनीवर, ४० टक्के हवेत. दोन्ही पाय एकदम टेकलेले असा थोडा वेळ प्रत्येक चक्रात दोनदा येतो. धावताना तो नाहीसा होतो, चालणं आणि धावणं यातला फरक एवढाच लिहिलास तरी चालेल. जमिनीकडून उलट येणाऱ्या बळाच्या आलेखात दोन उंचवटे आणि मध्ये खिंड असते. उंचवटे वजनाच्या जरा वर आणि खिंड वजनाच्या खाली का, हे काट्याच्या वजनकाट्यावर उभी राहून झटकन गुडघे वाकव आणि काटा बघ, कळेल. वजन बदललेलं नसतं, काटा मात्र नाचतो.

पाठांतराच्या दोन युक्त्या देते आणि हा भाग संपवते. आतल्या घोट्यामागच्या बोगद्यातून पुढून मागे जाणाऱ्या गोष्टींचा क्रम: टिबिआलिस पोस्टेरिअर, फ्लेक्सर डिजिटोरम, आर्टरी, व्हेन, नर्व्ह, फ्लेक्सर हॅल्युसिस. तिकडची मुलं टॉम-डिक-हॅरी म्हणत बसतात. आम्ही म्हणायचो, 'ताई, दादा आज वेंगुर्ल्यात नाहीत हो.' ताई टिबिआलिस, दादा डिजिटोरम, आज आर्टरी, वेंगुर्ला व्हेन, नाहीत नर्व्ह, हो हॅल्युसिस. आणि तळव्याचे चार थर केळीची सोपटं काढावीत तसे वरून आत काढ: तीन, दोन, तीन, दोन. सगळ्यात वर तीन स्नायू, मग क्वाड्रेटस प्लांटी आणि गांडुळं, मग पुन्हा तीन, आणि तळाशी दोन जातींचे इंटरऑसिआय. बाबांच्या जुन्या मोज्यावर चार रंगांच्या पेनांनी काढ, मोजा वाया गेला तर माझं नाव सांग.

थिअरीच्या पेपरात मर्टन रूटचं मॉडेल येणारच: सबटेलर सांध्याची 'न्यूट्रल' स्थिती आणि तिच्यापासून किती ढळलं यावरून पाय सदोष ठरवणं. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात सगळी पोडायट्री त्यावर उभी होती. पुढे शंका निघाल्या, कारण एकाच पायाची न्यूट्रल स्थिती दोन तपासनिसांना सारखी सापडत नव्हती. १९९५ मध्ये मॅकपॉइल आणि हंट यांनी वेगळा मार्ग मांडला: पाय कसा दिसतो ते राहू दे, कोणत्या ऊतीवर सोसवेनासा ताण येतोय ते शोध आणि तो ताण कमी कर. मला हा दुसरा मार्ग पटतो, लपवत नाही. पण परीक्षेत दोन्ही लिही, आणि पहिल्याची थट्टा करू नकोस, तुमचे सर कदाचित त्यावरच शिकलेले असतील.

ओटीवर येणाऱ्या पायांना हाकलू नकोस. पण त्यांच्यावर उपचारही करू नकोस, तू पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी आहेस आणि तीही अडकलेली. बघ, विचार, वहीत लिही. पावसाळ्यात यांत्रिक मासेमारी बंद असते, गडीमाणसं जाळी दुरुस्त करत बसलेली असतील. जाळ्याचा दोर पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात कसा ताणून धरतात ते तासभर बघ. अंगठ्याचे स्नायू असे काम करताना बुटांच्या देशात तुला दिसणार नाहीत. शेवाळलेल्या जांभ्याच्या पायऱ्या उतरताना माणसं पावलं आखूड करतात, सपाट टाकतात, बोटं रोवतात. का, ते लिहून काढ. भातलावणीवरून आलेल्या बायकांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या दिसतील. धुऊन कोरडं करायला सांगणं हे तू करू शकतेस.

भोवरी कापायला ब्लेड हातात घ्यायचं नाही. कॉर्नपट्टी सुचवायची नाही, मधुमेह्याला तर मुळीच नाही, तिच्यातलं आम्ल चांगली कातडीही खातं. आणि मधुमेही माणसाचा एकच पाय लाल, गरम, सुजलेला असून तो 'दुखत नाही गो' म्हणाला, तर तेव्हाच घाबर. तो पाय टेकू न देता त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठव. आतली हाडं मऊ होऊन कोसळत असतील, त्याला शार्को फूट म्हणतात, आणि माणूस बिनदिक्कत त्यावर चालत असतो. खाडीत कालवं काढताना पाय कापला आणि घरी येऊन रक्ताचे ठसे पाहिल्यावर कळलं, असं सांगणारी बाई मी पाहिली आहे. तिला तपासायला महागडं यंत्र लागलं नाही. १० ग्रॅमच्या दाबाला वाकणारा नायलॉनचा दोरा, मोनोफिलामेंट, तळव्याला लावला. तिने डोळे मिटले होते, आणि 'लावलात की सांगा' म्हणून वाट बघत राहिली.

बाबांना पॉल ब्रँड यांच्याबद्दल सांग. जन्म तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरातला, काम वेल्लोरला. कुष्ठरोग्यांची बोटं रोगाने झडतात असं सगळे मानत असताना या सर्जनने दाखवलं की मोठं नुकसान वेदना नसल्यामुळे होतं: खिळा टोचतो, चप्पल चावते, माणसाला कळत नाही आणि तो चालतच राहतो. म्हणून ते टेंडन शस्त्रक्रियांइतकाच विचार पादत्राणांचा करत. आज तीच गोष्ट मधुमेह्यांच्या पायांना लागू आहे. नखं कापण्याचं म्हणशील, तर बधिर पायाचं आत वाढलेलं नख नीट कापणं हे पाय वाचवण्याचं काम आहे, आणि ते करायला लाज वाटणारी माणसंच जास्त. हे बाबांना पटेलच असं नाही. नोकरीचं पुढे काय, भारतात हा पेशा अजून फार पसरलेला नाही हे खरं, पण ती काळजी या ऑगस्टची नव्हे.

आज संध्याकाळी एकच कर. बाबांना ओटीवर खुर्चीत बसव, पाय पाटावर घे. पायाचा अंगठा वर उचलायला सांग. पावलावर एक दोरी उठेल, एक्स्टेन्सर हॅल्युसिस लाँगस. तिच्या बाहेरच्या अंगाला, पावलाच्या मध्यावर, दोन बोटं हलकेच ठेव. दाबू नकोस, दाबलंस की नाडी बुजते. ठोका लागला की बाबांचंच बोट तिथे नेऊन ठेव, आणि काही बोलू नकोस. नाहीच लागला तर घाबरू नकोस, काही चांगल्याभल्या माणसांतही ती नाडी तिथे सापडत नाही. आतल्या घोट्यामागे जा. ताई आणि दादांच्या मागे 'आज' तिथेच असतं.